पीएचडी होती, पण नोकरी फक्त नवऱ्याला! नोबेलविजेत्या मारिया मायर यांची गोष्ट

जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातून 1930 साली फिजिक्समध्ये पीएचडी करून मारिया गेपर्ट मायर पतीसोबत अमेरिकेत आल्या. जोसेफ मायर यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी मिळाली. मारियांना नाही. कारण? प्राध्यापकाच्या बायकोला तिथेच नोकरी न देण्याचा नियम.

त्यांच्या वाट्याला आलं जर्मन पत्रव्यवहाराचं किरकोळ काम. पण बसायला जागा मिळाली आणि संशोधन सुरू राहिलं.

1946 नंतर शिकागो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं, तेही बिनपगारी. पगार यायचा तो आर्गोन प्रयोगशाळेतल्या अर्धवेळ नोकरीचा. याच काळात अणुकेंद्रातले कण थराथरांत कसे रचलेले असतात, हे त्यांनी उलगडलं.

पूर्णवेळ पगारी प्राध्यापकपद मिळालं 1960 मध्ये, सॅन डिएगोत. 1963 मध्ये फिजिक्सचं नोबेल. मेरी क्युरींनंतर ते मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच महिला.