मातीच्या श्वासाचा अभ्यासक : सर अल्बर्ट हॉवर्ड

आजरा परिसरात वळवाचा पहिला पाऊस पडला, की तापलेल्या जमिनीतून मृद्गंध दरवळतो. त्याच वेळी आणखी एक वायू, कार्बन डायऑक्साइड, कोणाच्या लक्षात न येता बाहेर पडत असतो. कोरड्या मातीत निपचित पडलेले सूक्ष्मजीव ओल मिळताच जागे होतात आणि सेंद्रिय पदार्थांवर तुटून पडतात. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये केनियातील जमिनींच्या अभ्यासातून ही घटना मांडली. शेतजमिनीतून किती कार्बन हवेत जाईल, हे मुख्यतः तापमान, ओलावा, हवा आणि सूक्ष्मजीवांना मिळणारे अन्न या चार गोष्टींवर ठरते. हवामानबदलाच्या चर्चेत आज या चारही गोष्टींना महत्त्व आले आहे. मात्र सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंदूरच्या खतखड्यात त्यांची सांगड घालणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. प्रयोगशाळेत रोगाचे निदान करता येते. पण उपाय पडताळून पाहायला स्वतःची शेती नाही, ही खंत तेथेच त्यांच्या मनात रुजली. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते भारतात आले. येथे त्यांनी आधी जमीन मागून घेतली आणि मग आसपासच्या शेतकऱ्यांची पद्धत बारकाईने पाहिली. शिकवण्याऐवजी शिकण्याची ही वृत्ती त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यात विरळाच होती.

त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः नामवंत संशोधक होत्या. पाने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात त्यावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी केंब्रिजमध्ये मूलभूत काम केले होते. पती-पत्नींनी मिळून विकसित केलेले पुसा गहू देशभर गाजले. पण सुधारित बियाण्याची खरी ताकद जमीन कसदार असेल तरच दिसते, हे दोघांनाही कळून चुकले. एकाच पिकाचा प्रश्न निरनिराळ्या विभागांत वाटून टाकणारी सरकारी संशोधनाची चौकट मात्र हॉवर्ड यांना जाचक वाटू लागली.

१९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जागेवर इंदूरची संस्था उभी राहिली आणि त्यांना हवे तसे काम करण्याची मोकळीक मिळाली. मराठी राज्यकर्त्यांच्या या शहरात यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. शेण इंधनासाठी जाळले जाते आणि पिकांचे अवशेष वाया जातात, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. थोडे शेण, भरपूर काडीकचरा, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. सुरुवातीला कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण ३३ ला १ असावे आणि अखेरीस ते १० ला १ च्या आसपास यावे, असे त्यांचे गणित होते. मधला बराचसा कार्बन वायुरूपाने उडून जातो. उरतो तो स्थिर ह्यूमस. हवा खेळती राहावी म्हणून ढीग वरखाली करणे आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवरच ढीग रचणे, हे त्यातले बारकावे. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड यांच्या नावाने ही पद्धत ग्रंथरूपात आली.

त्याआधीच, १९३० मध्ये, गॅब्रिएल यांचे निधन झाले होते. हॉवर्ड १९३१ मध्ये भारत सोडून गेले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. इंदूर पद्धत केनियातील कॉफीच्या मळ्यांत आणि चहाच्या बागांत पोहोचली. उत्तरायुष्यात त्यांनी रासायनिक खतांविरुद्ध आघाडी उघडली. १९४० मधील त्यांच्या ग्रंथाने सेंद्रिय शेतीच्या चळवळीला पाया दिला. पिकांचे, गुरांचे आणि माणसांचे आरोग्य थेट ह्यूमसशी जोडणारे त्यांचे काही दावे मात्र पुराव्यांच्या पुढे गेले होते. अनेक शास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाहीत. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

आजऱ्यासारख्या मुलखात त्यांच्या कामाचे मोल आजही कळते. येथे धो धो पाऊस पडतो, भाताच्या खाचरांत पाणी तुंबते आणि ऊसही पिकतो. तुंबलेल्या पाण्यात हवा शिरत नाही. तेथे कार्बन डायऑक्साइडऐवजी त्याहून अधिक उष्णता धरणारा मिथेन तयार होऊ लागतो. वारंवार खोल नांगरट केली, की मातीत हवा खेळते, पण साठलेला कार्बनही झपाट्याने जळतो. तापमान १० अंशांनी वाढले, तर हा श्वास साधारण दुप्पट वेगाने चालतो. उसाचे पाचट पेटवले, की त्यातला बहुतेक कार्बन काही मिनिटांत हवेत जातो. सरीत कुजू दिले, तर तो हळूहळू सुटतो आणि त्यातला थोडा अंश मातीत मुरतो.

मातीचा श्वास थांबवता येत नाही, थांबवूही नये; तो जिवंतपणाचे लक्षण आहे. मात्र जमिनीतून जितका कार्बन जातो, तितका तरी तिला परत मिळाला पाहिजे. या परतफेडीची शास्त्रशुद्ध रीत हॉवर्ड यांनी याच देशातील शेतकऱ्यांकडे पाहून घडवली. आजऱ्याच्या सुवासिक घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो सुवास टिकवायचा, तर ज्या मातीत तो पिकतो तिचा हिशेबही चोख ठेवावा लागेल.