भिवाला लिहिते-वाचते कोणी केले?

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे पुढच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. राज्य सरकारने २०१७ साली हा दिवस शाळांमधून साजरा करण्याचा निर्णय घेतला. त्या दिवशी आणि १४ एप्रिलला आपली मुले बाबासाहेबांवर भाषणे करतात. धीटपणे करतात, टाळ्याही मिळवतात. पण यवतमाळ जिल्ह्यात मुलांच्या लेखन-वाचनाचे काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. भाषण कोणीतरी मोठ्याने लिहून दिलेले असते किंवा मोबाईलवरून उतरवलेले असते. मुलाने ते पाठ केलेले असते. त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, किंवा याच विषयावर मनाने पाच ओळी लिही म्हटले, की मूल खाली बघते.

अशा वेळी घरचे लोक सहज म्हणून जातात की आमच्या पोराचे डोकेच चालत नाही, सगळे काय बाबासाहेब होतात का. म्हणून बाबासाहेबांचे बालपण पुन्हा एकदा नीट पाहायला हवे. त्यांच्या पदव्या आपल्याला पाठ आहेत. त्या पदव्यांच्या आधीचा, वाचायला शिकणारा मुलगा मात्र आपल्या नजरेतून निसटतो.

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. घर कबीरपंथी. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला आणि पुढे साताऱ्याला राहिले. साताऱ्यातच आई भीमाबाई वारल्या. तेव्हा भिवा पाच-सहा वर्षांचा होता. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले.

साताऱ्याच्या शाळेत त्याला इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायाने पाणी दिले तरच प्यायचे. हे आपण जाणतो. पण त्या वयात भिवा अभ्यासू नव्हता, हे फारसे सांगितले जात नाही. शाळा त्याला नकोशी झाली होती. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात हे त्याने ऐकले होते, आणि आपणही पळून जाऊन गिरणीत लागावे असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याचा बटवा चोरायचे ठरवले. सलग काही रात्री खटपट करून बटवा हाती लागला, तर त्यात निघाला अवघा अर्धा आणा. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर त्याने उनाडक्या सोडून अभ्यास करायचा निश्चय केला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. शाळेला कंटाळलेले पोर वाया गेले असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावी.

पण नुसत्या निश्चयाने मूल वाचू लागत नाही. निश्चय टिकायला घर लागते. रामजींच्या घरी रात्रीचा एक नियम होता. जेवणाआधी सगळ्या मुलांनी एकत्र बसायचे, भजने म्हणायची. भिवा आणि त्याचा थोरला भाऊ यांना वडील रामायण-महाभारतातला काही भाग मोठ्याने वाचायला लावत. ऐकायला बहिणी असत आणि शेजारपाजारचे लोकही जमत. हा क्रम अनेक वर्षे चालला. म्हणजे शाळेत ज्याला कोपऱ्यात बसवले जाई, तोच मुलगा घरी मोठ्या माणसांना वाचून दाखवत होता, आणि मोठी माणसे त्याचे ऐकत होती. जोडीला वडिलांची शिकवणी होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून करून घेतली. एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत लिहायचे तर आधी ते समजावे लागते, नेमका शब्द शोधावा लागतो. बाबासाहेबांच्या पुढच्या काटेकोर लेखनाचा सराव इथे सुरू झाला.

मुंबईला आल्यावर परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळा संसार होता. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, सरपणही तिथेच. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून बापलेकांनी वेळ वाटून घेतली. भिवाने लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. उरलेली रात्र दिव्याच्या उजेडात मुलगा वाचत बसे. अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडेही त्याला पुस्तके हवी असत. पेन्शनीत ती बसत नसत. मग रामजी मुंबईत दिलेल्या लेकींकडे जात. आधी धाकटीकडे पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडून दागिना घेऊन तो गहाण टाकत, पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करत. या बहिणींची नावे, मंजुळा आणि तुळसा, आपण फार कमी वेळा घेतो. भिवाच्या पुस्तकांना त्यांच्या अंगावरच्या दागिन्यांचा आधार होता.

एल्फिन्स्टन हायस्कूलसारख्या नामांकित शाळेतही विटाळ सुटला नव्हता. एकदा शिक्षकांनी गणित सोडवायला भिवाला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी ते आधी हलवले. त्याला संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. अशा शाळेतून सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे त्याच्यावर एका शिक्षकाची नजर गेली. ते होते कृष्णराव अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कुलातले शिक्षक आणि सत्यशोधक विचारांचे लेखक. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

पुढे समाजातल्या लोकांनी भिवाचा सत्कार ठरवला. चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र तो इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यावर झाल्याचे लिहिले आहे. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींचा सत्काराला विरोध होता, केळुसकरांनी त्यांची समजूत काढली. सभेत त्यांनी मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हे चरित्र १८९८ सालचे, मराठीतले, मुलाला समजेल अशा भाषेतले होते.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण ग्रंथभेटीपेक्षाही तिच्यानंतर जे घडले ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ते नोंदवले आहे. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती. ते पुस्तक वाचून मुलगा भारावला, आणि त्याने वडिलांना सरळ प्रश्न केला. आम्हाला बौद्ध साहित्य का दाखवले नाही? ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना हीन लेखले आहे तेच वाचायचा आग्रह का? रामजींनी आपले कारण सांगितले. आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड राहू नये, सामान्य कुळातली माणसेही मोठी होतात हे द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यावरून त्यांना कळावे, असा त्यांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. त्या ग्रंथांतल्या थोर पात्रांचे वागणे आपल्याला का पटत नाही हे त्याने एकेक करून सांगितले. वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उभे राहिले आहे हे त्यांना कळले होते.

आमच्या मते भिवा खऱ्या अर्थाने वाचक झाला तो इथे. अनेक वर्षे तो अक्षरे उच्चारत होता, लोकांना वाचून दाखवत होता. आता दोन पुस्तके शेजारी ठेवून तो तुलना करू लागला, आवडले-नावडले याचे कारण देऊ लागला, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारू लागला. आणि घराने त्याला विचारू दिले.

पुढचा प्रवास या वाचनावरच उभा आहे. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीरावांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली रामजी गेले, त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांचा सुमारे २००० चा संग्रह केला. १९१७ साली पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले आणि तो संग्रह गेला. तरी पुस्तके घेणे थांबले नाही. पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथालयाला जागा ठेवूनच.

वाचलेल्या माणसाने लिहिले पाहिजे, हेही त्यांनी करून दाखवले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’. इंग्रजीत मोठे ग्रंथ लिहिणारा हा माणूस आपल्या लोकांशी मराठीत, त्यांना उमजेल असे लिहीत होता. आणि इतरांनाही लिहिते करत होता. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले. सभेच्या छायेत विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवले. वसतिगृह, वाचनालय आणि मुलांचे स्वतःचे मासिक, या तिन्ही गोष्टी सभेच्या कामात एकत्र आहेत. राहायला जागा, वाचायला पुस्तक आणि आपले लिहिलेले छापून येण्याची सोय. त्याच वाटेने पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय उभे राहिले.

आपल्या जिल्ह्यातली घरे डबक चाळीतल्या त्या खोलीहून फार वेगळी नाहीत. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की आईबाप पहाटेच शेतावर जातात, लहान भावंडे मोठ्या बहिणीच्या कडेवर येतात. काही घरे कामासाठी गाव सोडतात. कोलाम, गोंड, बंजारा वस्त्यांवरच्या मुलांची घरची बोली एक आणि पुस्तकातली भाषा दुसरी असते. आईबापांना स्वतःला वाचता येत नाही, मग त्यांनी काय करायचे, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. उत्तर रामजींच्या घरातच आहे. शेजारून आलेल्या त्या लोकांना वाचता यावे लागत नव्हते. त्यांनी ऐकले, एवढ्यानेच मुलाला वाचण्याचे कारण मिळाले.

म्हणून आमची गावोगावच्या विहार समित्यांना आणि उपासक-उपासिकांना एक विनंती आहे. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. बहुतेक ठिकाणी मोठी माणसे वाचतात आणि मुलांना गप्प बसायला सांगितले जाते. रोज एक पान मुलाला किंवा मुलीला वाचू द्या. अडखळले तर थांबा, हसू नका. वाचून झाल्यावर काय कळले हे तिला तिच्या बोलीत सांगू द्या. तिने प्रश्न विचारला, अगदी अवघड विचारला, तरी दटावू नका. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न तिला वहीत लिहायला सांगा, आणि महिन्याच्या शेवटी मुलांचे असे कागद विहाराच्या भिंतीवर लावा. वाढदिवसाला केकसोबत गोष्टीचे एक पुस्तक द्या. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी पुस्तके घ्या, आणि ती कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवा.

येत्या ७ नोव्हेंबरला मुलांना भाषण लिहून देऊ नका. त्यांना बाबासाहेबांबद्दल एक गोष्ट वाचायला द्या आणि त्यावर त्यांचे त्यांना लिहू द्या. चार ओळी होतील, त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील. पण त्या ओळी त्या मुलाच्या असतील, आणि ऐकायला आपण सगळे बसलेले असू.

जय भीम. नमो बुद्धाय.