बुधवारची गोळी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ना कोणी राणी आली, ना कोणी संत. आली ती एक पिवळी गोळी. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाला रक्ताचा कर्करोग झाला होता. इस्पितळातले कठीण महिने संपल्यावर घरी मेथोट्रेक्झेट सुरू झाले. आठवड्यातून एकच वार. चुकून रोज दिले तर जिवाशी गाठ. म्हणून बहिणीने कॅलेंडरातल्या प्रत्येक बुधवारावर कुंकवाचे बोट टेकवून ठेवले होते. हे औषध कोणी काढले, असे मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारले, तर नाव निघाले एका तेलुगू माणसाचे: यल्लाप्रगडा सुब्बाराव. मग मिळेल ते वाचत गेले.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. घरची ओढगस्त. तेराव्या वर्षी हा मुलगा काशीला यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवायचे म्हणून घरातून पळाला. त्याला वाटेतून परत आणले. मॅट्रिकला दोनदा नापास. वडील गेले, तरी आई वेंकम्मा हिने दागिने विकून त्याला मद्रासला शिकायला धाडले. पुढे त्याला संन्यास घ्यावासा वाटू लागला. आईने संमती दिली नाही. तिने त्या वेळी हो म्हटले असते, तर आमच्या घरी बुधवारची गोळी आली असती का, हा विचार मला अजून सुटत नाही.

तो मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेला. गांधीजींच्या हाकेसरशी खादी घालू लागला, ती शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना खपली नाही आणि पूर्ण पदवीऐवजी खालची पदवी हाती आली. त्याच सुमाराचा दुसरा घाव मोठा होता. संग्रहणीने त्याचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. पुढे त्यालाही तोच रोग जडला. आयुर्वेदाच्या उपचारांनी तो वाचला.

सासऱ्यांच्या मदतीने सुब्बाराव अमेरिकेत बोस्टनला पोहोचले. शिकता शिकता इस्पितळात रात्री रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलण्याचे काम केले. मग हार्वर्डमध्ये फिस्क यांच्याबरोबर रक्तातील फॉस्फरस मोजण्याची रीत बसवली. ती १९२५ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. स्नायूंना शक्ती कशातून मिळते, याचाही छडा त्यांनी लावला. तरी हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण परळच्या हाफकिन संस्थेत आल्या होत्या. गिरणीकामगार बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक का पडतात, हे त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बायांचे रक्त भरून येते, असे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातले मर्म म्हणजे फोलिक अॅसिड. आपल्या सुना गरोदरपणी ज्याच्या गोळ्या घेतात तेच. सुब्बारावांच्या मंडळींनी ते १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. आणि पाहा, ते संग्रहणीवरही गुणकारी ठरले! पण भाऊ जाऊन पंचवीसएक वर्षे लोटली होती.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना मात्र उलटे दिसले. फोलिक अॅसिडच्या जातीचे औषध दिले की मुलांच्या रक्ताचा कर्करोग जास्तच फोफावतो. मग त्याचा मार्गच का अडवू नये? कुलपात तशीच दिसणारी दुसरी किल्ली घुसवली, की ती फिरत नाही आणि खरी किल्लीही आत जात नाही. तशी खोटी किल्ली सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत घडवली गेली, तिचे नाव अॅमिनोप्टेरिन. घडवणाऱ्यांत डोरिस सीगर ही बाई होती, हे मुद्दाम लिहिते. फार्बर यांनी ते सोळा मुलांना दिले. दहांना उतार पडला. तो उतार काही महिन्यांचाच होता, पण त्याआधी या रोगाला औषधाने असा उतार कधी पडला नव्हता. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मेथोट्रेक्झेट ही त्याच औषधाची धाकटी बहीण. हत्तीरोगावर सरकारी मोहिमेत घरोघर वाटतात ती गोळीही याच प्रयोगशाळेतली.

ऑगस्ट १९४८ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच वारले. स्वदेशी ते एकदाही परतले नाहीत.

इथे माझी लेखणी अडते. त्यांची पत्नी शेषगिरी माहेरी राहिली होती. पती गेल्यावर तिला मुलगा झाला, तो वर्षाच्या आत दगावला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. पुढची पंचवीस वर्षे पत्रे येत राहिली, माणूस आला नाही. सोळा मुलांच्या आयांसाठी रात्री जागवणाऱ्या या माणसाबद्दल मनात आदर आहे, रागही आहे. बहिणीला हे सांगितले, तर ती म्हणाली की राग तू धर, मला तो परवडायचा नाही.

तिचा नातू आता शाळेत जातो. गेल्या महिन्यात कॅलेंडरातले शेवटचे कुंकवाचे बोट मागे पडले.