दादासाहेब फाळके आणि त्यांचे घर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहा असे सांगण्यात आले तेव्हा मी दादासाहेब फाळके यांचे नाव दिले. सिनेमावाल्याचे चरित्र कशाला, असे एका भगिनीने विचारलेही. पण हा सिनेमा अर्धा स्वयंपाकघरातच तयार झाला, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी 30 एप्रिल 1870 रोजी झाला. चित्रकला, फोटो, छापखाना असे नाना उद्योग त्यांनी केले. पहिली पत्नी व मूल प्लेगात गेले. पुढे सरस्वतीबाईंशी विवाह झाला. गिरगावात ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहून आपले रामकृष्ण असेच पडद्यावर आणायचे, हा एकच ध्यास त्यांना लागला. सतत चित्रपट पाहून पाहून डोळे अधू झाले, तरी हट्ट सुटला नाही. विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि 1912 साली ते विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पुढच्या खर्चाला सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. लेकुरवाळ्या बाईने हे करणे काही सोपे नव्हे!

दागिने देऊन त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्या वेळी कच्च्या फिल्मला भोके नसत. ती अंधारात बसून पाडायची, फिल्म धुवायची आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, हे सर्व त्यांच्याकडे. तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. शेवटी हॉटेलातल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडे नेसवले! रोहिदास मात्र घरचाच, मुलगा भालचंद्र.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आजच्यासारखे वितरक तेव्हा कुठले? चित्रपट बनवणारे दादासाहेब, गावोगाव दाखवणारेही तेच. पुढे नाशिकला कारखाना नेला. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली. पहिले महायुद्ध सुरू झाले, पैसा आटला आणि पुन्हा घरावर संकट आले. 1917 च्या ‘लंकादहना’ने मात्र इतके उत्पन्न दिले की, नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून नेल्या असे सांगतात. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लेक मंदाकिनी.

1918 साली भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, तेथे मात्र बिनसले. कलावंताला हिशेबी माणसांचा जाच सोसवत नाही, असे माझे मत. काही काळ ते काशीस जाऊन राहिले, मग परत आले. पण बोलपटांचे दिवस आले आणि ते मागे पडले. 1937 चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार 1969 साली सुरू झाला. तो पहिल्यांदा मिळाला एका अभिनेत्रीला, देविकाराणींना.