कोपिंगचा औषधवाला

आमच्या कराड तालुक्यात गावच्या विहिरीत टीसीएल पावडर पडली की जो उग्र वास नाकात शिरतो, त्याचा मूळ वायू प्रथम हाती लागला तो स्वीडनमधल्या एका औषधविक्याला, 1774 साली. कार्ल विल्हेल्म शीले त्याचे नाव.

1742 साली स्ट्रालसुंडला त्याचा जन्म झाला, अकरा भावंडांच्या घरात. चौदाव्या वर्षी तो गोथेनबर्गच्या औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. कॉलेज नाही, पदवी नाही. दुकानातल्या बरण्या हीच त्याची प्रयोगशाळा. ऑक्सिजन त्याने प्रीस्टलीच्या आधी ओळखला होता, पण पुस्तक छापून यायला 1777 उजाडले आणि श्रेय गेले! असो.

मँगनीजच्या काळ्या खनिजावर त्याने मिठाचे आम्ल ओतले. हिरवट-पिवळा वायू निघाला. त्यात फुलांचे रंग उडाले, किडे मेले, त्याची स्वतःची छाती आवळली. हे सारे त्याने लिहून ठेवले. पुढे 1810 मध्ये डेव्हीने या वायूला क्लोरीन हे नाव दिले. शीलेला हाताळलेला पदार्थ चाखून पाहण्याचीही सवय होती. हायड्रोजन सायनाइडचीसुद्धा चव त्याने नोंदवली आहे.

त्याला सावध करणारे कोणी नव्हते. आपल्याला सगळे ठाऊक आहे. बँकेत असताना कर्जप्रकरणासाठी एक कारखाना पाहायला गेलो होतो. क्लोरीनचे सिलिंडर एका खोलीत आणि मुखवटा त्या खोलीपलीकडच्या कपाटात, कुलूपबंद. किल्ली साहेबांकडे, आणि साहेब पुण्याला! हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात साचतो. म्हणून गळती झाली की वाऱ्याच्या उलट बाजूला, उंचावर जायचे. गळतीची जागा शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ धरतात. पांढरा धूर दिसला की तीच जागा. गळक्या सिलिंडरवर मात्र पाणी मारायचे नाही. आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. घरातही टीसीएल आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र केले, तर बंद मोरीत शीलेचाच वायू निघतो.

14 जुलै 2010 रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला. शंभरावर माणसे रुग्णालयात गेली.

शीलेने 1776 मध्ये कोपिंगचे दुकान घेतले, तेही कर्जासकट. ते कर्ज फेडण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि प्रयोगही चालूच राहिले. मग मूत्रपिंडे बिघडली, कातडीचा विकार जडला. विषारी द्रव्यांचा हा परिणाम असावा असे बरेच अभ्यासक मानतात. 21 मे 1786 रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याआधी दोन-तीन दिवस, अंथरुणावरूनच, त्याने दुकानाच्या पूर्वीच्या मालकाच्या विधवेशी लग्न लावून घेतले. दुकान तिच्याकडेच राहावे, एवढ्यासाठी.