नॉर्मन बॅरेट : आपले मत बदलणारे शल्यविशारद

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार असो वा घरातील वडीलधारी मंडळी, छातीतील जळजळ बहुतेकांच्या परिचयाची असते. ‘पित्त झाले’ असे म्हणून तिच्याकडे सहसा दुर्लक्ष केले जाते. मात्र ही जळजळ वर्षानुवर्षे टिकल्यास अन्ननलिकेचे अस्तरच बदलू शकते. या बदलास ‘बॅरेट्स इसोफॅगस’ म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले, त्या नॉर्मन रूपर्ट बॅरेट यांचे या विकाराविषयीचे पहिले मत मात्र चुकीचे होते.

बॅरेट यांचा जन्म १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. ईटन येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिजचे ट्रिनिटी महाविद्यालय आणि लंडनचे सेंट थॉमस रुग्णालय येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. पुढे याच रुग्णालयात ते शल्यविशारद म्हणून रुजू झाले. १९३५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. तेथून परतल्यावर छातीची शस्त्रक्रिया हेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

१९४६ मध्ये सुरू झालेल्या ‘थोरॅक्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक होते. ही जबाबदारी त्यांनी पंचवीस वर्षे सांभाळली. फाटलेल्या अन्ननलिकेवर यशस्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या शल्यविशारदांमध्ये त्यांची गणना होते. ही शस्त्रक्रिया त्यांनी १९४७ मध्ये केली. तोपर्यंत या विकारात मृत्यू जवळजवळ अटळ मानला जात असे.

अन्ननलिकेचे अस्तर चपट्या पेशींचे असते. काही रुग्णांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात मात्र जठरासारखे, स्तंभाकार पेशींचे अस्तर आणि त्यावर व्रण आढळत. १९५० मधील आपल्या शोधनिबंधात बॅरेट यांनी असे प्रतिपादन केले, की हा भाग अन्ननलिकेचा नसून छातीत ओढले गेलेले जठर आहे. जन्मतःच आखूड असलेली अन्ननलिका हे त्याचे कारण असावे, असे त्यांना वाटत होते.

१९५३ मध्ये फिलिप ॲलिसन आणि ॲलन जॉनस्टन यांनी या मतास आव्हान दिले. हा भाग अन्ननलिकाच असून केवळ तिचे अस्तर बदललेले आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तेथील व्रणांना त्यांनी बॅरेट यांचेच नाव दिले. १९५७ मध्ये बॅरेट यांनी नव्या लेखाद्वारे आपली पहिली भूमिका सोडली आणि हा भाग अन्ननलिकेचाच असल्याचे मान्य केले. तरीही हा दोष जन्मजात असावा, याकडे त्यांचा कल कायम राहिला.

खरे कारण पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. १९७० मध्ये कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत जठरातील आम्ल वारंवार वर येत राहिल्यास अन्ननलिकेच्या इजा झालेल्या भागावर स्तंभाकार पेशींचे अस्तर उगवते, असे दिसून आले. अशा अस्तरातून अन्ननलिकेचा ग्रंथीय कर्करोग उद्भवू शकतो, हेही नंतरच्या अभ्यासांतून सिद्ध झाले. बॅरेट यांचे १९७९ मध्ये लंडन येथे निधन झाले.

हा विकार जडलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग अधिक आढळतो, तो चपट्या पेशींचा असून त्याचा संबंध प्रामुख्याने तंबाखूशी आहे. तथापि अनेक वर्षांची जळजळ, पन्नाशी ओलांडलेले वय, पोटाचा वाढलेला घेर आणि धूम्रपान यांमुळे बॅरेट्स इसोफॅगसचा धोका वाढतो. पुरुषांमध्ये तो अधिक आढळतो. त्याचे निदान दुर्बिणीने केलेली तपासणी आणि अस्तराचा तुकडा काढून केलेली परीक्षा यांवरून होते.

पाळी संपवून घरी आल्यावर जेवून लगेच आडवे होण्याची सवय आम्ल वर येण्यास पोषक ठरते. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर, उशाकडील बाजूने उंचावलेला पलंग आणि वजनावर नियंत्रण यांचा उपयोग होतो. गिळताना अडथळा, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच ही लक्षणे दिसल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.