तिजोरीत पैसे असूनही ‘थांबा’

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी कंटेनर टेम्पोला अडवतो, टेम्पो बसला आणि बस कंटेनरला. चूक एकट्याची नसते, पण हलत कुणीच नाही. संगणकातही असेच होते. प्रत्येक प्रोग्रॅम थोडी मेमरी धरून बसतो आणि उरलेली दुसऱ्याने सोडावी म्हणून वाट पाहतो. ही कोंडी आधीच टाळण्याचा हिशेब एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी मांडला.

त्यांचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितात पारंगत. १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रॅम लिहू लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदीत त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ असा व्यवसाय लिहिला, तर तो मान्यच झाला नाही; भौतिकशास्त्रज्ञ म्हणवून घ्यावे लागले! १९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तिथे सरासरी निम्माच वेळ देऊ शकणाऱ्या सहा जणांनी मिळून एक्स-८ संगणकाची कार्यप्रणाली रचली. मुख्य मेमरी होती अवघी ३२ हजार शब्दांची.

१९६५ च्या सुमारास त्यांनी सावध बँकरचा दाखला दिला. समजा, भोसरीतल्या एका पतपेढीकडे १० लाख आहेत. तीन कारखानदारांची कर्जमर्यादा ८, ६ आणि ५ लाख. त्यांना ३, ३ आणि १ लाख दिले; तिजोरीत ३ उरले. आता तिसरा आणखी १ मागतो. दिला, तर उरलेल्या दोनांत कुणाचेच काम पुरे होत नाही, आणि काम पुरे झाल्याशिवाय परतफेड नाही. म्हणून त्याला थांबवायचे. दुसरा ३ घेऊन काम संपवतो, ६ परत करतो, मग तिसऱ्याची सोय होते.

अडचण एवढीच, की कमाल गरज आधी ठाऊक हवी. लिनक्ससारख्या आजच्या कर्नेलला ती सहसा ठाऊक नसते. त्यामुळे मागितलेली मेमरी मिळाली की नाही, हे कर्नेलच्या कोडने प्रत्येक वेळी तपासायचे. नाहीच मिळाली, तर आधी घेतलेले सगळे परत करून माघारी फिरायचे. एक तपासणी विसरली, तरी अख्खे यंत्र बंद पडू शकते. असा नकार क्वचितच येतो, त्यामुळे चाचणीत तो बहुधा निसटतो. डाइक्स्ट्रांचा नुसत्या चाचणीवर भरवसा नव्हता, तो उगीच नाही. प्रोग्रॅम अचूक असल्याची सिद्धता तो लिहितानाच द्यावी, असा त्यांचा हट्ट होता. अनेकांना तो अतिरेकी वाटे.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते ऑस्टिनला शिकवत. संगणकाऐवजी फाउंटन पेनने टिपणे लिहीत आणि प्रती काढून टपालाने पाठवत. अशी १,३०० हून अधिक टिपणे आहेत. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.